रक्तात मॅग्नेशियम १.६: गोळी कुठली ते नंतर, आधी गळती कुठे ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६३ वर्षांची, फोंड्यात राहते. अकरा वर्षांचा मधुमेह. त्यासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्र गोळी, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन, आणि 'गॅसची गोळी' म्हणून रोज सकाळी पँटोप्राझोल, तीही चार-पाच वर्षं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, एका डोळ्याची पापणी फडफडते. तपासणीत मॅग्नेशियम १.६ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर आलं (लॅबची मर्यादा १.७ ते २.४), पोटॅशियम ३.४. शेजारणीने 'मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ.' असं लिहिलेली बाटली आणून दिली आहे. त्यातल्या किती गोळ्या द्यायच्या, किती दिवस, जेवणात काय वाढवायचं, आणि शेवटी मॅग्नेशियम शरीरात करतं तरी काय, हे तुम्ही विचारलं आहे.

गोळीबद्दल सांगतोच, पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. मॅग्नेशियम कमी का झालं, हा एक. पोटरीत गोळे कशामुळे येतात, हा दुसरा. दोघांचं उत्तर एकच असेल असं घरातल्या सगळ्यांनी धरून टाकलं आहे. तसं असूही शकेल, पण ते गृहीत धरू नका. आणि या दोन्हींच्या आधी एक तिसरी गोष्ट कळायला हवी, ती तुम्ही लिहिलेली नाही: आईचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कसं चाललं आहे ते सांगणारा रक्तातला आकडा, किती आहे? ते कळेपर्यंत बाटली उघडू नका.

आधी त्या १.६ चा अर्थ. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींच्या आत. रक्तात एक टक्काही नसतं. म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरी आतला साठा भरलेला आहे असं म्हणता येत नाही. खालची मर्यादा १.७ ऐवजी २.१ च्या आसपास धरावी असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत. उलट रिपोर्ट खरोखर कमी आला, तर तो सहसा खोटा नसतो. अपवाद दोन. रक्तातलं जवळजवळ तीस टक्के मॅग्नेशियम प्रथिनांना चिकटलेलं असतं, त्यामुळे अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) कमी असेल तर आकडा उगाच कमी दिसतो. आणि नमुना चुकीच्या नळीत, म्हणजे रक्त गोठू न देणारं ईडीटीए किंवा सायट्रेट असलेल्या नळीत घेतला गेला तरीही कमी दिसतो. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तर मात्र उलटं होतं: पेशींच्या आत मॅग्नेशियम जास्त असल्यामुळे आकडा वर जातो आणि कमतरता झाकली जाते. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर तपासणी पुन्हा करून घ्या.

तुमच्या आईच्या बाबतीत मला १.६ पेक्षा पोटॅशियमचा ३.४ हा आकडा जास्त बोलका वाटतो. टेल्मिसार्टन पोटॅशियम थोडं वर नेणारं औषध आहे. ते चालू असूनही पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं आहे, म्हणजे लघवीवाटे गळती बरीच जोरात असणार. मॅग्नेशियमचा यात थेट हात आहे. मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या असतात, आणि पेशीतलं मॅग्नेशियम त्या आतून अडवून धरतं. मॅग्नेशियम उतरलं की अडसर निघतो आणि पोटॅशियम वाहत राहतं. म्हणूनच अशा रुग्णाला पोटॅशियमचं सिरप नुसतं पाजत राहिलं तर आकडा वर येतो आणि आठवड्यात पुन्हा खाली जातो. मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही.

मॅग्नेशियम शरीरात करतं तरी काय, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे. पेशींची ऊर्जा ज्या एटीपी रेणूत साठवलेली असते तो रेणू मॅग्नेशियमला धरूनच काम करतो, त्यामुळे तीनशेहून जास्त एन्झाइमं या खनिजावर अवलंबून आहेत. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळे. तो सैल पडायचा तर ते कॅल्शियम पुन्हा आत ओढून साठवावं लागतं, आणि त्या पंपाला लागणारं एटीपी मॅग्नेशियमसहच लागतं. मज्जातंतूंत ते उत्तेजना आवरून धरतं. हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यात त्याचा वाटा आहे. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना कॅल्शियम सांभाळण्याचं संप्रेरक सोडायलाही ते हवं असतं, म्हणून मॅग्नेशियम फार उतरलं की कॅल्शियमही उतरतं, आणि मग कॅल्शियमच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी फरक पडत नाही. आईचं कॅल्शियम तपासलेलं दिसत नाही. तेही करून घ्या.

आता गळती. शरीरात मॅग्नेशियम कमी होण्याच्या वाटा तीनच: पोटात कमी जातं, आतड्यातून कमी शोषलं जातं, किंवा लघवीतून जास्त जातं. मूत्रपिंडाचं काम आपल्या खाजन शेतीतल्या मानशीसारखं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारासारखं आहे. जास्त झालं की दार उघडून बाहेर सोडायचं, कमी पडलं की घट्ट मिटून राखायचं. दिवसाला सुमारे २४०० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम मूत्रपिंडांतून गाळलं जातं आणि त्यातलं शंभरच्या आसपासच लघवीत जातं. बाकी सगळं परत घेतलं जातं. एवढी चोख व्यवस्था असल्यामुळे निरोगी माणसाला केवळ जेवण थोडं इकडे-तिकडे झालं म्हणून कमतरता होत नाही. १.६ आलं म्हणजे बहुधा कुठेतरी दार नीट मिटत नाही, किंवा आत येणारं पाणीच अडलं आहे.

आईच्या औषधांत या दोन्ही गोष्टी घडवणारी औषधं आहेत. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीतून मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही सोडायला लावतं. पँटोप्राझोल आणि त्याच्या कुळातली ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही औषधं दीर्घकाळ, बहुतेकदा वर्षाहून जास्त घेतली तर काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियम शोषलं जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांचं मॅग्नेशियम गोळ्या देऊनही वर आलं नाही. ॲसिड कमी करणारी गोळी बंद केल्यावरच आलं. तिसरी गळती मधुमेहाची. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर राहिली की ती लघवीत उतरते आणि जाताना पाण्याबरोबर मॅग्नेशियमही नेते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, तुम्ही लिहिलेलं नाही. ते नऊ-दहा असेल तर गोळ्यांपेक्षा साखर ताब्यात आणण्याचा फायदा मोठा.

या तिघांत मुख्य दोषी कोण, हे बऱ्याच अंशी एका साध्या तपासणीने कळतं, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. सकाळच्या लघवीचा एक नमुना आणि त्याच वेळी रक्त, दोन्हींत मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन मोजायचं. गणित असं: लघवीतलं मॅग्नेशियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, त्याला ०.७ गुणिले रक्तातलं मॅग्नेशियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन यांनी भागायचं, आणि शंभराने गुणायचं. सगळे आकडे मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरमध्ये हवेत. समजा रक्तात मॅग्नेशियम १.६, क्रिएटिनिन ०.८, लघवीत क्रिएटिनिन ६०. लघवीतलं मॅग्नेशियम ६ आलं तर उत्तर सात टक्क्यांच्या वर येतं. रक्तात कमतरता असताना मूत्रपिंडं एवढं सोडत असतील, तर गळती तिथेच आहे. संशय लघवीच्या औषधावर आणि साखरेवर. तेच लघवीत १.२ आलं तर उत्तर दीड टक्क्याच्या आत. म्हणजे मूत्रपिंडं जिवापाड राखत आहेत आणि दोष आतड्याकडे किंवा आहाराकडे, म्हणजे पँटोप्राझोलकडे बोट. दोनच्या खाली आणि चारच्या वर अर्थ स्पष्ट असतो; मधल्या आकड्यावर मी एकट्याने निर्णय घेत नाही, औषधांचा इतिहास जोडून बघतो. मूत्रपिंडं आधीच अशक्त असतील तर हे गणित भरवशाचं राहत नाही.

हा नमुना मॅग्नेशियमची पहिली गोळी घेण्याआधी द्यायला हवा. गोळी सुरू झाली की लघवीतलं मॅग्नेशियम वाढतंच आणि उत्तराला अर्थ उरत नाही. बाटली उघडू नका असं वर म्हटलं त्याचं हे अर्धं कारण.

उरलेलं अर्धं कारण क्रिएटिनिन. अकरा वर्षांचा मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाची मूत्रपिंडं तपासल्याशिवाय मॅग्नेशियम सुरू करणं मला मान्य नाही. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, ६० च्या वर असेल तर नेहमीचा डोस चालतो. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर निम्म्याने सुरुवात आणि दोन आठवड्यांत फेरतपासणी. ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय एकही गोळी नको, कारण तिथे मानशीचं दार उघडतच नाही आणि मॅग्नेशियम साचत जातं. काणकोण भागात मधुमेह नसलेल्यांमध्येही मूत्रपिंडाचे आजार आढळतात हे गोव्यात सर्वांना माहीत आहे. तिकडच्या वाचकांनी वरचं, ईजीएफआर ३० च्या खाली असण्याचं वाक्य दोनदा वाचावं. आणि फक्त गोळ्याच नाहीत. पोट साफ होण्यासाठीचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया, ते मिसळलेलं क्रेमाफिन, जळजळीवरची डायजीन किंवा जेलुसिल, या सगळ्यांत मॅग्नेशियम असतं. मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या एका चहाच्या चमच्यात दीडशे मि.ग्रॅ.हून जास्त. अशक्त मूत्रपिंडांचा माणूस हे रोज घेत राहिला तर आधी मळमळ, सुस्ती, रक्तदाब उतरणं, मग गुडघ्याचा झटका नाहीसा होणं आणि शेवटी श्वास मंदावणं, या क्रमाने विषबाधा होऊ शकते. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात तेव्हा परिचारिका दर वेळी गुडघ्यावर हातोडी मारून का बघते, लघवी किती झाली ते का मोजते, त्याचं कारण हेच.

आता औषधांत काय बदलता येईल. तुम्ही स्वतः काही बंद करू नका, पण डॉक्टरांना हे नेमके प्रश्न विचारा. पँटोप्राझोल कशासाठी सुरू झालं होतं? पुष्कळदा ते कुठल्यातरी आजारपणात पंधरा दिवसांसाठी लिहिलेलं असतं आणि मग चिठ्ठीवरून चिठ्ठीवर उतरत राहतं. पूर्वी अल्सर, पोटातून रक्तस्राव झाला असेल, किंवा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ते हवंच आहे. तसं काही नसेल तर हळूहळू सोडवता येतं: दोन आठवडे निम्मा डोस, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. एकदम थांबवलं तर पोट काही दिवस जास्तच ॲसिड बनवतं, जळजळ उसळते, आणि रुग्णाला वाटतं की गोळीशिवाय आपलं चालणारच नाही. त्या दिवसांत गरज पडली तर रात्री फॅमोटिडिन २० मि.ग्रॅ.सारखा पर्याय डॉक्टर देऊ शकतात.

रक्तदाबाच्या गोळीबाबत: हायड्रोक्लोरोथायाझाइडच्या जागी टेल्मिसार्टनसोबत ॲम्लोडिपिन चालेल का, हे विचारा. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, तेवढी लक्षात ठेवायची. लघवीचं औषध लागणारच असेल तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा ॲमिलोराइड मॅग्नेशियम राखतात, पण टेल्मिसार्टनबरोबर घेतल्यास पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, म्हणून आठवड्याभरात तपासणी आलीच. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनचा विचार चालू असेल तर त्यांनी मॅग्नेशियम किंचित वाढतं, हा एक जादा फायदा.

गळती बांधायला सुरुवात झाली, मूत्रपिंडं ठीक निघाली, तर भरपाईकडे वळू. बाटलीवरचा '१०००' हा आकडा फसवा आहे. ते वजन मॅग्नेशियम आणि ग्लायसिन यांच्या संयुगाचं. शुद्ध ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियमचा वाटा सुमारे १४ टक्के, म्हणजे १००० मि.ग्रॅ. मध्ये १४० मि.ग्रॅ. सायट्रेटमध्ये तो साधारण १६ टक्के, ऑक्साइडमध्ये ६० टक्के. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत 'एलिमेंटल', म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम, असा शब्द शोधा. डोस त्या आकड्यावर मोजायचा. तो आकडा छापलेलाच नसेल तर ती बाटली घेऊ नका. आणि '१००० मि.ग्रॅ. ग्लायसिनेट'मध्ये एलिमेंटल ३०० लिहिलं असेल तर त्यात स्वस्त ऑक्साइड मिसळलेलं आहे हे उघड आहे.

ऑक्साइड वाईट असतं असं नाही. ते कमी शोषलं जातं आणि आतड्यात पाणी ओढून शौचाला पातळ करतं. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला ते एका दगडात दोन पक्षी ठरतं. आईचं पोट मेटफॉर्मिनने आधीच नाजूक असेल तर ग्लायसिनेट किंवा सायट्रेट बरं. थ्रिओनेट नावाचा महागडा प्रकार मेंदूसाठी म्हणून विकला जातो. आईच्या कमतरतेसाठी त्यावर पैसे घालवायचं कारण नाही. पायाला चोळायचं मॅग्नेशियम तेल आणि एप्सम मिठाच्या पाण्यात पाय बुडवणं यांतून कातडीवाटे भरपाई होत नाही. मधुमेह्याच्या पायांना गरम पाण्याचा अंदाज येत नाही आणि भाजतं, म्हणून हे मी स्पष्ट शब्दांत बंद करायला सांगतो.

सुरुवात रात्रीच्या जेवणानंतर १०० ते १५० मि.ग्रॅ. एलिमेंटलने करायची. आठवडाभर पोट ठीक राहिलं तर तेवढीच दुपारच्या जेवणानंतर. दिवसाला एकूण २०० ते ३०० पुरेसं. गोळ्यांतून ३५० च्या वर स्वतःहून जाऊ नका. एकदम मोठा डोस घेतला की दोन गोष्टी बिघडतात: जुलाब लागून उलट मॅग्नेशियम जातं, आणि रक्तातला आकडा झटकन चढल्यामुळे मूत्रपिंडं जादा समजून बाहेर टाकतात, पेशींचा साठा मात्र रिकामाच राहतो. शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमचाही निम्मा भाग असाच लघवीत जातो. साठा भरायला आठवडे लागतात; थोडं, रोज, जेवणाबरोबर, हाच मार्ग.

वेळेचं भान ठेवा. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर हवं. हाडांसाठीच्या ॲलेंड्रोनेटनंतर किमान दोन तास. पायांच्या जळजळीवर गॅबापेंटिन चालू असेल तर तेही मॅग्नेशियमनंतर दोन तासांनी. पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) संशयावरून डॉक्सिसायक्लिन दिलं, किंवा लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, तर मॅग्नेशियम या औषधांना आतड्यातच बांधून टाकतं आणि औषध रक्तात पोचतच नाही. तेवढे दिवस मॅग्नेशियम थांबवणंच सोपं. शेतात उतरणाऱ्या माणसाचा लेप्टोचा उपचार पूरक गोळीपायी वाया जाणं परवडणारं नाही.

जेवणाचं सांगतो, कारण इथे गोव्याचं स्वयंपाकघर तुमच्या बाजूने आहे. बाईला दिवसाला साधारण ३२० ते ३७० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम लागतं. त्यातलं तीस-चाळीस टक्केच शोषलं जातं, पण गरजेचा आकडा ते धरूनच काढलेला आहे. नाचण्याच्या तीस ग्रॅम पिठाची तिझान किंवा आंबील सुमारे ४० देते. आईसाठी ती गुळाशिवाय, ताकात किंवा थोड्या मिठावर. चाळीस ग्रॅम सुक्या अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक ७५ च्या आसपास. वाटीभर तांबडी भाजी पन्नास तरी. वीस ग्रॅम काजू, म्हणजे बारा-तेरा बिया, ५५ ते ६०. साठ ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या पाऊणशे. एक लहान केळं ३०. बेरीज करा, तीनशेच्या पुढे गेली. मुगागाठींतले मोड आलेले मूग, कुळथाची पिठी, तीळ, भोपळ्याच्या बिया हे सगळं याच ओळीत बसतं. कडधान्यं भिजवून मोड आणली तर त्यांतलं खनिजं बांधून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि खनिजं जास्त सुटतात.

कमी कुठे पडतं? पॉलिश केलेला पांढरा भात आणि मैद्याचा पाव. कणकेत शंभर ग्रॅममागे सव्वाशेच्या आसपास मॅग्नेशियम, मैद्यात वीस-पंचवीस. कोंडा काढला की ते कोंड्याबरोबर जातं. पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंड्यांऐवजी, म्हणजे मैद्याच्या पावाऐवजी, कोंड्याची पोई घ्या, मात्र ती खरोखर कोंड्याची आहे का, वर नुसता भुरभुरलेला आहे, हे मोडून बघा. भातात कमी पॉलिशचे तांबूस उकडे तांदूळ निवडा, आणि शिजवून वरचं पाणी ओतून देण्याची सवय असेल तर ती सोडा. विरघळलेलं मॅग्नेशियम त्या पाण्यात जातं. म्हणून पेज बरी, पण मधुमेहात वाटीचं माप सांभाळून. बांगड्यातून शंभर ग्रॅममागे तीसच्या आसपास मिळतं. मासळी इतर कारणांसाठी उत्तम, मॅग्नेशियमची भिस्त तिच्यावर ठेवू नका. शहाळ्याच्या पाण्यात मॅग्नेशियमपेक्षा पोटॅशियम कितीतरी जास्त असतं. आईला सध्या ते चालेल; मूत्रपिंडं अशक्त निघाली तर नाही. आणि घरात कोणी रोज फेणी घेत असेल तर त्यांचंही मॅग्नेशियम तपासा: दारू लघवीतून ते गाळते आणि जेवणही कमी होतं.

राहिले पोटरीतले गोळे. इथे मला तुमची अपेक्षा थोडी खाली आणावी लागेल. वयस्कर माणसांच्या पोटरीत रात्री येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियम देऊन केलेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये आढावा घेतला, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा लक्षात येण्यासारखा फायदा दिसला नाही. त्या चाचण्यांतल्या सगळ्यांना कमतरता नव्हती, आईला आहे, म्हणून तिला फरक पडण्याची शक्यता थोडी जास्त. तरीही मॅग्नेशियम द्यायचं ते कमतरता आहे म्हणून, आणि पोटॅशियम व हृदयासाठी. गोळे थांबले तर चांगलंच. सहा आठवड्यांत थांबले नाहीत तर डोस वाढवत बसू नका, दुसरं कारण शोधा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ कमी होतं. ते आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. ॲटोरव्हास्टॅटिन सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर दुखणं सुरू झालं असेल तर सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत बरी होते असं असेल तर ते गोळे नव्हेत, पायाच्या रक्तवाहिन्यांचा अडथळा असू शकतो. तिथे पावलावरची नाडी डॉक्टरांनी बघायला हवी. उन्हाळ्याच्या उकाड्यात घाम गाळणाऱ्यांचे गोळे बहुधा मीठ-पाण्याच्या कमतरतेचे असतात, घामातून मॅग्नेशियम फार जात नाही. क्विनीनची गोळी कोणी सुचवली तर घेऊ नका. या कारणासाठी तिचे धोके फायद्याहून मोठे आहेत.

झोपण्याआधी ताण देण्याचा व्यायाम मी प्रत्येकाला सांगतो, कारण त्यात गमावण्यासारखं काही नाही. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभं राहायचं, तळवे भिंतीला, टाचा जमिनीला टेकलेल्या, आणि पोटरीत ओढ जाणवेपर्यंत पुढे झुकायचं. दहा सेकंद, पाच सेकंद विसावा, असं तीनदा. तोल जात असेल तर बिछान्यावर बसून पावलाला पंचा अडकवून आपल्याकडे ओढायचं. प्रत्यक्ष गोळा आला की पायाचा अंगठा नडगीच्या दिशेने ओढून धरायचा; पोटरी जोरात चोळण्याने उशीर लागतो. पापणी फडफडणं बहुतेकदा अपुरी झोप आणि जादा चहा यांचं असतं आणि आपोआप जातं. गालही सोबत ओढला जात असेल तर दाखवा.

घरी थांबायचं नाही अशी लक्षणं: ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येऊन हाताचा पंजा आखडणं, रक्तदाब मोजताना पट्टा आवळल्यावर पंजा वळणं, छातीत धडधड होऊन चक्कर येणं, फिट येणं. किंवा मॅग्नेशियम १.२ च्या खाली जाणं. अशा वेळी फोंड्याच्या सरकारी इस्पितळात किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जायचं. तिथे आधी ईसीजी काढतात आणि शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट सावकाश देतात.

गोळी सुरू केल्यावर तीन ते चार आठवड्यांनी मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पुन्हा करा. त्या सकाळची औषधं रक्त दिल्यानंतरच. मॅग्नेशियम १.८-१.९ च्या वर आणि पोटॅशियम ३.८-४ कडे सरकलं असेल तर तोच डोस आणखी दोन महिने. दरम्यान पँटोप्राझोल सुटलं असेल, रक्तदाबाची गोळी बदलली असेल आणि साखर ताब्यात असेल, तर त्यानंतर मॅग्नेशियमची गोळी बंद करून महिन्याने आकडा बघायचा. टिकला तर पुढे जेवण पुरेसं आहे. पुन्हा घसरला, तर कुठलं औषध अजून चालू आहे याचा विचार आधी करायचा. आणि महिनाभर नीट गोळ्या घेऊनही आकडा १.६ वरच अडला, तर डोस दुप्पट न करता पँटोप्राझोलचा विषय डॉक्टरांकडे पुन्हा काढा.